अर्ध्या चालीचे बुवा

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधलं ते घर आम्हाला भाड्याने मिळालं ते माझ्या नोकरीकडे बघून नव्हे, माझ्या पेटीकडे बघून.

आम्ही मोटेलमधून सामानासकट थेट जागा बघायला गेलो होतो. बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरमालक दारात अर्ध्या चड्डीत उभे. त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही. गाडीच्या मागच्या सीटवर, बायकोने माहेरच्या रजईत गुंडाळून ठेवलेल्या खोक्याकडे बोट दाखवून विचारलं, "त्यात काय आहे?"

"हार्मोनियम," मी म्हणालो.

"वाजतं?"

"वाजवलं तर."

त्यांनी ते खोकं स्वतः उचललं आणि गॅरेजमध्ये नेलं. एका स्टुलावर मला बसवलं. मी घाबरून शाळेतल्या पोरासारखं सारेगम वाजवलं. ते खाली वाकून, भात्याला कान लावून ऐकत होते. मग फळीवरून त्यांनी एक षटकोनी डबी काढली. दोन्ही हातांत धरून ती ताणली तर तिच्या पोटात भाता! आमच्या पेटीचं नातवंडच ते. कॉन्सर्टिना.

"अहो, खोल्या बघायच्या राहिल्या," ही हळूच म्हणाली.

तिचं बोलणं त्यांना भाषा न कळताही कळलं. "खोल्या वर आहेत," ते म्हणाले. "छप्पर आहे, भिंती आहेत. उद्या या राहायला."

ते ऑस्ट्रेलियन होते. व्हिक्टोरियातल्या एका लहानशा गावातले. डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत मातीच्या गाड्या घडवायचे. खरीखुरी गाडी कारखान्यात जाण्याआधी तिची तेवढीच मोठी मातीची गाडी बनवतात, ते काम. नखांत कायम तपकिरी माती. त्यांना आम्ही आपसांत 'बुवा' म्हणू लागलो, कारण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी गॅरेजमधली गाडी बाहेर काढून ते तिथे गाण्याबजावण्याची बैठक भरवायचे आणि मध्यभागी उभे राहून हातवारे करत निरूपण करायचे. एकदा त्यांनी 'बुवा' म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, देवळात गातात, लोकांना हसवतात आणि मधूनमधून रागावतात ते. इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी पत्रपेटीवर स्वतःच्या नावाखाली त्यांनी ते रंगवून टाकलं.

बैठकीत मायक्रोफोनला बंदी. कागदाला बंदी. "कागद बघून वाजवतो त्याचे कान सुट्टीवर जातात," हे त्यांचं म्हणणं. माणसांना नावं वाद्यांवरून. मी 'पेटी'. माझ्याच ऑफिसात गाड्यांच्या सीटांची डिझाइनं करणारा नागपूरचा गजभिये 'ड्रम'. त्याचे वडील भीमगीतांचं पथक चालवायचे, ढोलकी त्याच्या हाडात होती, आणि ती त्याने इंजिनिअरिंगच्या पुस्तकांआधी बॅगेत भरून आणलेली. शेजारचा निवृत्त पोस्टमन वॉल्ट दोन चमचे पाठीला पाठ लावून मांडीवर वाजवायचा, तो 'चमचे'. आणि माझी बायको 'बॉस'.

तिला हे पद मिळालं त्याचीही कथा आहे. पहिल्या शनिवारी ती चिवड्याचा डबा घेऊन नुसती बसायला म्हणून आली. कोपऱ्यात एक लांब काठी उभी होती. तिच्यावर बिअरच्या बाटल्यांची बुचं खिळ्यांनी सैलसर ठोकलेली. काठी जमिनीवर आपटली की सगळी बुचं छन्न वाजतात. बुवांच्या मुलखात तिला लॅगरफोन म्हणतात म्हणे. बुवांनी ती आपटून दाखवली. ही म्हणाली, "इकडे आणा." साताऱ्याच्या शाळेत सात यत्ता लेझीम खेळलेली बाई ती! पदर खोचून तिने जी काठी फिरवली, की वॉल्टचे चमचे हातातच राहिले. बुवा टाळ्या वाजवत ओरडले, "आजपासून ही बॉस!"

पण बैठकीचं मुख्य आकर्षण गाणं नव्हतंच. ते होतं बातम्या.

बुवांच्या गावातल्या हॉलमध्ये असंच एक लोकसंगीताचं मंडळ होतं. त्यांच्या तरुणपणीचं. त्या मंडळाची सेक्रेटरी दर महिन्याला एक कॅसेट भरायची. त्यात गावच्या बातम्या, थोडं गाणं, थोडी भांडणं. कॅसेटी साठल्या की खोक्यात घालून जहाजाच्या टपालाने पाठवायची. खोकं येईपर्यंत ऋतू बदललेला असायचा. तिकडे कोणी उन्हाने हैराण झाल्याचं सांगायचं तेव्हा आम्ही इकडेही उन्हानेच हैराण असायचो, कारण त्यांचा उन्हाळा आमच्याकडे पोचेपर्यंत आमचा सुरू झालेला असायचा.

आणि इथे बुवांची खोड. खोक्यातल्या चारपाच कॅसेटी ते वॉशिंग मशीनवरच्या फळीवर ओळीने मांडायचे आणि बैठकीला एक, फक्त एकच, वाजवायचे. पुढची पुढच्या महिन्यात. एकट्याने आधी ऐकणं नाही, पुढे पळवणं नाही.

"माझा बाप मेंढ्यांच्या रानात राहायचा," ते सांगत. "वर्तमानपत्रांचा गठ्ठा महिन्याने एकदा यायचा. बाप रोज न्याहारीला एकच अंक फोडायचा, तारखेच्या क्रमाने. आमच्या घरी महायुद्ध शेजाऱ्यांपेक्षा बरेच दिवस जास्त चाललं. शेजारी कुंपणावरून ओरडले, संपलं, संपलं! बाप म्हणाला, आमच्यात अजून नाही."

हे सांगून ते इतके हसायचे की डोळे पुसावे लागत.

खोड म्हणा, पण तिच्यामुळे आम्ही सगळे त्या न बघितलेल्या गावाचे रहिवासी झालो. हॉलचं छप्पर गळत होतं, ते कधी दुरुस्त होणार यावर आमच्यात महिनाभर वाद. मंडळात इलेक्ट्रिक गिटारला परवानगी द्यावी का, यावर तिकडे मतदान व्हायचं होतं तर इकडे आम्हीही हात वर करून मतदान केलं. खजिनदाराचा कुत्रा व्हायोलिन सुरू झालं की रडायचा. ही मला रात्रीच्या भाजीला फोडणी देता देता विचारायची, "काय हो, त्या कुत्र्याचं काय झालं असेल?" तिच्या माहेरच्या पत्रांपेक्षा तिला त्या गावाची चिंता जास्त.

सगळ्यांची लाडकी होती मेव्हिसबाई. तीही फक्त आवाज. जाड, खरखरीत, मिस्किल आवाज. वय खूप. बुवांना लहानपणी कॉन्सर्टिना तिनेच शिकवलेली. दर कॅसेटमध्ये ती काहीतरी खोचक बोलायची: "अमेरिकेतल्या आमच्या पोराला सांगा, चड्डी घालत असेल तर निदान मोजे तरी घाल." गॅरेजमध्ये हशा. बुवांचे कान लाल. पण वाजव म्हटलं की बाई म्हणायच्या, "मशीनसमोर मी वाजवत नाही. मशीन मान डोलवत नाही."

आता अर्ध्या चालीकडे येतो.

बुवांनी आम्हाला एक चाल शिकवली होती. नाचाची, पळती, पण शेवटाकडे किंचित उदास होणारी. एक ओळ ते वाजवणार, ती आम्ही उचलायची. असं करता करता ती आमच्या बोटांत मुरली. पहिल्याच दिवशी गजभिये म्हणाला, "बुवा, हे तर अंतऱ्यापासून सुरू झाल्यासारखं वाटतं. धृपद कुठाय?"

बुवा म्हणाले, "धृपद ऑस्ट्रेलियात आहे."

त्याचा खुलासा असा. ही चाल मेव्हिसबाईंना आजोबांकडून मिळालेली. बुवा पोरगेले असताना दोघं हॉलमध्ये नाचाला साथ करायची. पहिला भाग मेव्हिस वाजवणार, दुसरा बुवा. मग पुन्हा पहिला. नाचणारे दमेपर्यंत असंच. "पहिला तिचा आहे. मला येतो, पण मी वाजवत नाही. तुम्हाला शिकवणं तर सोडाच."

"बुवा, मग आम्ही जन्मभर अर्धीच चाल वाजवायची का?" वॉल्ट वैतागला.

"एक ना एक दिवस तिकडे जाऊ. ती सुरुवात करेल, आपण पुढे वाजवू."

तर आम्ही वर्षानुवर्षं अर्धी चाल वाजवत होतो. मी त्यात एक आगाऊपणा केला होता. शेवटच्या ओळीत, ती उदास होते तिथे, माझी बोटं आपोआप एक छोटीशी मुरकी घ्यायची. आपल्याकडच्या पेटीवाल्याला सरळ सुरावरून सरळ जाणं म्हणजे शिक्षा. बुवा दर वेळी थांबवायचे. "पेटी! ती घाण काढ."

"बुवा, ती घाण नाही, दागिना आहे."

"मेव्हिसच्या चालीला दागिना नको. तिने कधी घातला नाही."

पुढच्या फेरीला मुरकी पुन्हा हजर. बुवा पुन्हा ओरडणार. खरं सांगायचं तर त्यांना ओरडायला आवडायचं आणि मला ओरडून घ्यायला.

एका वर्षी पानगळ संपता संपता खोकं आलं. चार कॅसेटी. बुवांनी त्या फळीवर मांडल्या. एक ऐकली, छप्पर दुरुस्त झालं. पुढच्या महिन्यात दुसरी, इलेक्ट्रिक गिटार हरली आणि आमच्या गॅरेजमध्ये जल्लोष झाला. तिसरीत मेव्हिसबाई बोलल्याच नाहीत. सेक्रेटरी म्हणाली, त्या हल्ली जरा विसरतात, किटली गॅसवर राहते. हिने चिवड्याचा डबा बंद करता करता म्हटलं, "बुवा, चौथी आत्ताच लावा ना."

"बॉस, चौथी फेब्रुवारीची आहे."

"पण त्यांची तब्येत..."

"फेब्रुवारी," बुवा म्हणाले, आणि बापाचं युद्ध पुन्हा एकदा सांगायला लागले.

फेब्रुवारीत चौथी लागली. आधी कुत्रा, मग पाऊस, मग खुर्ची ओढल्याचा आवाज. आणि मेव्हिसबाई. आवाज तोच, पण दोन शब्दांत अंतर पडलेलं.

"पोरा, मी आज मशीनसमोर वाजवणार आहे. हसू नकोस. आपली चाल. मी इथपर्यंत येते आणि पुढे दार बंद होतं. बघ."

आणि कॉन्सर्टिना वाजू लागली.

तो पहिला भाग आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. काय सांगू! वर्षानुवर्षं एकच अर्धा दरवाजा घरात असावा आणि एक दिवस दुसरा अर्धा येऊन त्याला बरोबर बसावा, तसं झालं. गजभियेने माझा दंडच धरला. "भाऊ, हे आहे धृपद. ऐका, हे आहे!"

चाल शेवटाला आली आणि थांबली. बाईंनी शेवटचा सूर पुन्हा वाजवला. पुन्हा वाजवला. चाचपडल्यासारखा.

"इथून पुढे कुठे जायचं? इथल्या कोणाला येत नाही, मूर्ख आहेत सगळे, इतकी वर्षं नुसते नाचले. दुसरा भाग तुझा. तू पाठव. लवकर पाठव हं."

तिचं वाक्य संपायच्या आत बुवांच्या हातात कॉन्सर्टिना होती. त्यांनी दुसरा भाग सुरू केला आणि आम्ही सगळेच तुटून पडलो. वॉल्ट धावत गेला, कॅसेट मागे घेतली. पुन्हा बाई सुरुवात करणार, पुन्हा आम्ही पुढे उचलणार. एकदा, दोनदा, कितीदा तरी. मी मुरकी घेतली, बुवा ओरडलेसुद्धा नाहीत. नुसते रडत हसत होते. गजभियेची ढोलकी गॅरेजच्या पत्र्यातून परत येत होती. ही काठी आपटत मशीनकडे बघून ओरडत होती, "असं, मावशी, असं! इथून पुढे असं!"

आणि आपटता आपटता थांबली. काठीवरची बुचं थोडा वेळ वाजत राहिली.

"बुवा," तिने विचारलं, "तिकडे पाऊस म्हणजे कुठला महिना?"

बुवांनी कॅसेटीवर लिहिलेला महिना वाचला. ऑगस्ट.

खोकं आलं तेव्हा आमच्या पायरीवर हॅलोविनचे भोपळे होते. आता दारात बर्फ होता. एवढे दिवस बाई वॉशिंग मशीनवरच्या फळीवर बसून विचारत होत्या, आणि खाली आमचे कपडे धुतले जात होते.

"बुवा, फोन लावा," गजभिये म्हणाला.

"मी तिथे फोन करत नाही. फोनवर..."

"लावा म्हणतो ना राजेहो!"

तिकडे रविवारची सकाळ झाली असावी. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनपाशी बुवा आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांची बाजूच तेवढी आम्हाला ऐकू येत होती.

"मी बोलतोय... हो, अमेरिकेतून... हो, मिळाली. आज... नाही, आज ऐकली." त्यांनी फोनची वायर बोटाला गुंडाळली. "कधी?... नाताळच्या आधी." मग वायर सोडून दिली. "नाही. मला माहीत नव्हतं ती विचारायची." आणि शेवटी, अगदी लहान मुलाच्या आवाजात, "दर वेळी?"

फोन ठेवल्यावर त्यांनी आम्हाला सांगितलं ते असं. मेव्हिसबाई शेवटपर्यंत दर बैठकीला हॉलमध्ये येत होत्या. नावं विसरल्या, दिवस विसरले, पण दारातच विचारायच्या, पोराची टेप आली का? सेक्रेटरीला वाटत होतं, बुवांनी कधीच ऐकली असेल, पाठवायचा आळस करत असतील. त्यांची ही खोड तिकडे कोणाला माहीतच नव्हती. माहीत होती फक्त आम्हाला, आणि आम्हाला तिची केवढी गंमत वाटायची.

"सेक्रेटरी म्हणते, तरी पाठवा," बुवा म्हणाले. "निदान मंडळाकडे तरी चाल पूर्ण असू दे."

पुढच्या शनिवारी आम्ही टेप भरायला बसलो. बुवांनी कॉन्सर्टिना मांडीवर घेतली, भाता ताणला आणि तसाच मिटवला. पुन्हा ताणला. मग ती माझ्या शेजारी ठेवून म्हणाले, "तुम्ही वाजवा. माझ्याकडून वेळेवर काही होत नाही."

आम्ही वाजवली. पेटी, ढोलकी, चमचे आणि बुचांची काठी. मी मुद्दाम सरळ वाजवायचं ठरवलं होतं. पण मशीन सुरू झालं, ती ओळ आली आणि बोटांनी दगा दिला. मुरकी गेली. मी थांबलो, म्हटलं पुन्हा भरू. बुवा खिडकीतून बर्फाकडे बघत होते. "असू दे," ते म्हणाले. "आता उगाच उशीर नको." टेप त्याच दिवशी विमानाच्या टपालाने गेली.

त्यानंतर बुवा बदलले. खोकं आलं की तिथेच, ड्राइव्हवेवर, गाडीत बसून ते एकामागून एक सगळ्या कॅसेटी ऐकून टाकायचे. आम्हाला वरच्या खिडकीतून गाडीच्या धुराची रेघ आणि स्टिअरिंगवर टेकलेलं डोकं दिसायचं. शनिवारी त्याच कॅसेटी पुन्हा लागायच्या, पण आमचे वाद संपले. कोणी म्हणालं, यंदा कुत्र्याला हॉलमध्ये घेतील का, तर बुवांचा चेहराच उत्तर सांगून टाकायचा. ते आता सगळं कळलेले, चारचौघांसारखे गृहस्थ झाले होते. त्यांनी लांब विजार घालायला सुरुवात केली तेव्हा तर हिने सरळ तोंड फिरवलं. कोणी त्यांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मग एका संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. इतक्या वर्षांत बुवा कधी वर आले नव्हते. भाडेकरूच्या घरी घरमालकाने जाऊ नये, असा त्यांचा नियम. हातात एकच कॅसेट. विमानाच्या टपालाने आलेली, पाकीट न फोडलेलं.

"मी ऐकली नाही," ते म्हणाले. "माझ्याच्याने होईना. बॉस, तू फोड."

आमच्या जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या पातेल्याशेजारी, ती कॅसेट लागली. हॉलचा गोंगाट. सेक्रेटरीने सांगितलं, आज मेव्हिसची चाल, पूर्ण. मग पहिला भाग. बाईंच्या त्याच रेकॉर्डिंगवरून सगळ्या हॉलने उचललेला. लाकडी जमिनीवर नाचणाऱ्यांचे पाय. शेवटचा सूर आला. बुवांनी टेबलाची कड धरली.

दार बंद झालं नाही. हॉल दुसऱ्या भागात शिरला. व्हायोलिनं, बासऱ्या, कॉन्सर्टिना, सगळे एकत्र. आणि शेवटच्या ओळीत, उदास होते तिथे, त्या सगळ्या ऑस्ट्रेलियन वाद्यांनी एकदिलाने, अत्यंत भक्तिभावाने माझी मुरकी घेतली.

ही तोंडावर पदर धरून हसायला लागली. मी बुवांकडे बघायला धजेना.

"पेटी," बुवा म्हणाले, "तुझी घाण तिथपर्यंत पोचली."

"बुवा, मी..."

"आता ती तशीच राहणार. शंभर वर्षं. पोरांना सांगतील, मेव्हिस इथे अशी लाडिक वळायची." ते हसत होते. हसता हसता त्यांनी मातीने माखलेल्या बोटांनी डोळे पुसले आणि गालावर तपकिरी रेघ उमटली. "तिने दोन ठेवून दिल्या असत्या."

"मला?" मी विचारलं.

"तुला कशाला? तू पाठवलीस."

ही उठली आणि त्यांच्यासाठी एक पान वाढलं.

बुवा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिकडे ते परत कधी गेले नाहीत. पहिला भाग मला ऐकून ऐकून पाठ आहे, बोटांतही बसला आहे. पण मी तो वाजवत नाही, तो माझा नाही. कधी पेटी काढतो तेव्हा दुसऱ्या भागापासूनच सुरुवात करतो. शेवटच्या ओळीला मुरकी बोटांपाशी येऊन उभी राहते. मी ती घेत नाही. सरळ सुरावरून सरळ जातो, बुवा सांगायचे तसा.

ही आतून ओरडते, "आज ओरडायला कोणी नाही, घ्या की!"

म्हणूनच घेत नाही.